सुतारकाम शिकवणारी शाळा

मोन्तेरे, रविवार

प्रिय ओब्दुलियाताई,

माझं बरं चाललंय, मालकीणबाई पोटभर जेवू घालतात. आईचा गुडघा कसा आहे?

यारेत्सीच्या शाळेचं कळलं. दोन्ही सरकारीच, पण बाजाराजवळच्या शाळेत संगणक आणि टेकडीवरच्या शाळेत नुसतं सुतारकाम. "पोरगी काय रंधा मारत बसणार?" असं तू विचारतेस. खरंय तुझं. पण बाजारातल्या शाळेत जागा आहे ती फक्त दुपारच्या पाळीत. सुटेपर्यंत अंधार, आणि घरची वाट मक्याच्या शेतातून.

माझ्या लेकीला टेकडीवरच घाल. कुरकुरली तर म्हणावं, आईला तुझ्या हातचं स्टूल हवंय. अंधाराचं बोलू नकोस. तिने कशाला घाबरायचं? ते काम मी इथून करतेच आहे.

देवळात माझ्याही वाटची मेणबत्ती लाव.

तुझी धाकटी,
रेमेदियोस