डबीवरचं दादाचं नाव

जुन्नर,
दि. १२ मार्च २००९

ती. दादास,

संपतचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांग, शौर्यला गोड पापा. साखर कारखान्याचा सीझन सरत आला असेल, आता तुला जरा उसंत मिळेल.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे सोडले तर घरात कुणाची तक्रार नाही, आणि माझ्याबद्दलच्या तक्रारी तिने मोजणं सोडून दिलंय. द्राक्षाचा माल यंदा देखणा आहे. रत्ना म्हणते, बागेशीच लग्न करायचं होतं तुम्ही.

पॅकहाऊसमधली नवी गंमत सांगतो. आपल्या डबीवर उभ्या रेघांचा पट्टा असायचा, आठवतो? दुकानातल्या मशीनला तो एवढंच सांगायचा : द्राक्षं, अर्धा किलो. तुझी, माझी, गेणभाऊंची, सगळ्यांचा पट्टा एकच. आता त्याच्या शेजारी नखाएवढी चौकट आली आहे, आत काळे-पांढरे ठिपके. मशीन धरलं की कुठली बाग, कुठल्या दिवसाची तोडणी, सकाळची की दुपारची, सगळं पडद्यावर येतं. माल खराब निघाला तर दुकानदार तेवढ्याच डब्या काढतो, बाकीच्या विकत राहतो. मला हे फार आवडलं.

त्यासाठी पॅकहाऊसच्या तेजस्विनी मॅडमनी आमच्याकडून फॉर्म भरून घेतले. त्यात ‘प्लॉटचं नाव’ असा रकाना होता. तोंडात बसलं होतं तेच मी लिहिलं. एक विहिरीची बाग, एक दादाची बाग. तिथे गट नंबर लिहायचा असतो हे मला नंतर कळलं.

परवा मंगळवारी मुंबईच्या एका दुकानातून निरोप आला. चाळीस डब्यांतले मणी मऊ पडले होते. मॅडमनी पडद्यावरचं सगळ्यांसमोर वाचलं, ‘दादाची बाग, दुपारची तोडणी.’ मग विचारलं, “हे दादा कोण? बोलवा त्यांना.”

गेणभाऊ लगेच तुझं नाव घेऊन म्हणाले, “पोपटच्या मालाचं आसंच व्हतं. मागंबी त्याचाच परत आलता.”

दादा, हे वाक्य चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा मीच बोललो होतो, पॅकहाऊसच्या त्याच ओट्यावर उभा राहून. परत आलेला माल तुझ्या नावावर गेला. जूनमध्ये बिऱ्हाड घेऊन पारगावला गेलास आणि दोन्ही बागा माझ्याकडे आल्या.

तेव्हा परत आलेला तो माल भर उन्हात मीच तोडला होता. माझ्या विहिरीच्या बागेत. तोडणीच्या बाया अकराला आल्या, आणि गाडी चुकू नये म्हणून मी घाई केली. उन्हात तोडलेला मणी मऊ पडतो, म्हणून तू उन्हं चढायच्या आत कात्री खाली ठेवणारा माणूस. पण तुझ्या-माझ्या डबीवर पट्टा एकच होता, आणि मी त्याच्याआड लपलो. यंदा पुन्हा तीच घाई केली, या खेपेला तुझ्या बागेत.

मंगळवारीही गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पडद्यावर नाव तुझंच होतं. पण पुढे झालो आणि म्हणालो, “मॅडम, दादा चार वर्सं त्या बागंत आलेला न्हाई. माल म्या तोडलाय. आन मागचा खराब मालबी माझाच व्हता.”

गेणभाऊ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “ह्ये पोपटला कळवलंस का?”

म्हणून हे पत्र. बोलताना हलकं वाटलं. लाज वाटली ती नंतर, घरी येताना, आणि ती अजून आहे. माफ कर म्हणायला मला चार वर्षं लागली, दादा. माफ कर.

मॅडम म्हणाल्या, फॉर्म दुरुस्त करा, नाव काढून गट नंबर टाका. आईला विचारलं. ती पाय शेकत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “नाव ऱ्हाऊ दे, माणूस आण.”

तुझ्या बागेतली शेवटची तोडणी २२ तारखेला, रविवारी आहे. पहाटे सुरू करायची. तुझ्या कात्रीला तेल लावून ठेवलंय. फॉर्म अजून तसाच आहे.

तुझ्या बागेत दुपारी तोडणी करणारा,
संपत