लाल सोंडेपर्यंत

३ ऑक्टोबर
ठरलं! रविवारी दरीत लाल सोंडेपर्यंत, त्या पुढे आलेल्या तांबड्या कड्यापर्यंत उतरायचं. लोवेलने शेवटी हो म्हटलं. एकतीस वर्षं हा माझा नवरा खेचरांची रांग घेऊन रोज दरीत उतरला आणि मी वर कँटीनमध्ये पॅनकेक उलथत बसले. महिनाअखेर घर रिकामं करायचंय — नोकरी संपली की इथलं घरही जातं. मग टूसॉनला मुलीकडे. आता नाही तर कधीच नाही.

५ ऑक्टोबर
म्हणतो, उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धर. हेच वाक्य मी पर्यटकांना रोज अंड्यांबरोबर वाढत आलेय. मला कसलं शिकवतो!

७ ऑक्टोबर, रविवार
संताप झालाय नुसता.

सकाळी सातला निघालो. पहिल्याच वळणावर हा थांबला. दुसऱ्यावर पुन्हा. एक हात कड्याच्या भिंतीला, ओठांतल्या ओठांत पुटपुट. विचारलं तर म्हणे, तू दम खा. मला दम लागलाच नव्हता! एक बाई लंगडत होती, तीसुद्धा आमच्या पुढे गेली.

नवव्या वळणावर खालून खेचरं आली. पुढच्या खेचरावर टेस — लोवेलनेच तिला हे काम शिकवलं. खेचरं आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा चक्क दरीच्या कडेला जाऊन उभा! टेसने रांग रोखली. "लोवेलकाका, आत या. घाई नको, हळूच आत या." मी दंड धरून ओढला त्याला. सगळे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खेचरं गेली तसा म्हणतो, परत फिरू. सोंड समोर दिसत होती, फार तर पंधरा मिनिटं!

मी म्हटलं, "तुझ्या दरीतलं एवढंसुद्धा मला द्यायचं नाही ना?"

भिंतीला हात लावून तो चढायला लागला. वर पोहोचायला दोन तास.

८ ऑक्टोबर
अबोला. खोकी भरतेय. त्याची टोपी मुद्दाम तळाशी टाकली.

१० ऑक्टोबर
टेस आली होती. तिने त्याला सरळच विचारलं, डोळे दाखवलेत का? मग बोलला. एप्रिलपासून ठाऊक आहे त्याला. डावा जवळजवळ गेलाय, उजवाही जाणार. गुडघा दुखतो म्हणून खेचरं सोडली, तो गुडघा नव्हताच.

"वळणं मोजत होतो," म्हणाला. "एकतीस वर्षं खेचर चाललं, मी नुसता बसून होतो. दिसेनासं झालं की टूसॉनला बसून मनात तरी उतरता यावं. नवव्या वळणावर भिंतीवरचा हात सुटला आणि दरी कुठल्या बाजूला तेच कळेना. घाबरलो गं."

मी काय काय बोलले त्याला. लाज वाटते.

१२ ऑक्टोबर
टोपी काढली खोक्यातून. रविवारी पुन्हा उतरतोय. दरीच्या बाजूने मी चालणार. दहाव्या वळणापासून मोजायचंही मीच — मोठ्याने.