स्वरूपाच्या काकांची ओळख

१६ फेब्रुवारी, सोमवार
दिवाळीपासून इथं एक ओळ लिहिली नाही, माफी असावी. कोर्टाचे कन्नड कागद मराठीत करण्यात वेळ गेला. (हे पूर्ण खरं नाही. कंटाळा केला.)
रविवारी पुतणीला, स्वरूपाला, बघायला निपाणीची माणसं येणार. मागचं सदलग्याचं स्थळ मला बघून मोडलं, असं वहिनींचं मत. माझं मत : माझी ओळख करून देताना वापरलेल्या भाषेमुळे. "आमचा धाकटा, बिचारा. भरमू सांभाळतोय त्याला," असं अण्णा, माझे थोरले भाऊ, म्हणाले होते. सांभाळतात म्हशीला. भरमू मला उठवतो, अंघोळ घालतो, व्हीलचेअरवर बसवतो, आणि त्याचा पगार मी देतो. नोकरी आहे ती.
संकल्प : रविवारपर्यंत या घराची भाषा सुधारायची.

१८ फेब्रुवारी, बुधवार
वहिनींना 'पेशंट' बंद करायला लावलं. त्यांनी 'दिव्यांग' काढलं. तेही नको म्हणालो, माझ्यात दिव्य काही नाही. "मग म्हणू तरी काय, भावजी?" नाव घ्या म्हणालो. भाकरी थापायला उठून गेल्या. पटलं असावं.
भरमूला बजावलं, कोणी विचारलं तर 'सरांकडे नोकरीला आहे' म्हणायचं. म्हणाला, "म्हणतो की. पर सर, तुमी घडीघडी हाक मारताय तवा नोकरी वाटत न्हाय, लगीन झाल्यागत वाटतंय." दुर्लक्ष केलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
वाक्य तयार. "हे स्वरूपाचे काका. बी.ए. झालेत, भाषांतरं करतात, व्हीलचेअर वापरतात." अण्णांकडून म्हणवून घेतलं. बिनचूक. स्वरूपा म्हणाली, "काका, तुम्ही माझ्याशेजारीच बसायचं." माणसं बदलतात. नीट सांगावं लागतं, एवढंच.

२२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
इस्त्रीचा शर्ट घातला. अण्णा म्हणाले, पुढं गर्दी होईल, तू मागच्या खोलीत निवांत बस, बोलावतो. माझ्या सोयीचा विचार केला त्यांनी. बरं वाटलं.

संध्याकाळ
बोलावणं आलं नाही. मधलं दार उघडं राहिलं आणि मुलाच्या मामांना मी दिसलो. "ते कोण ओ?" अण्णा म्हणाले, "ते व्हय? भाडेकरू."
पेशंट नाही, बिचारा नाही. शब्दात दया अजिबात नाही, हे मान्य करावं लागेल.
मामा हात धुवायला मागं आले. किती वर्षं झाली इथं, विचारलं. चाळीसेक, म्हणालो. खोटं नाही. "लई जुनं की भाडेकरू! मालक चांगलं दिसत्यात." हो म्हणालो. स्वरूपा चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी. काका म्हणायला तिनं तोंड उघडलं. मीच मान हलवली, नको.
ते गेल्यावर भरमूनं विचारलं, "सर, मग मी आता कुणाकडं नोकरीला?" इस्त्रीचा शर्ट काढून ठेव म्हणालो.
मुलगी पसंत. साखरपुडा इथंच, घरी.
उद्या : अण्णांना 'मालक' म्हणायची सवय करणे.