पडद्यामागचा खर्ज

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सर्व क्षेम, आणि क्षेमापेक्षा थोडं जास्तच. आपल्या चिमीला कॅथेड्रलच्या गायकवृंदाची प्रमुख नेमलं. माझी लेक माझ्यासमोर उभी राहून हात हलवणार आणि मी गाणार! चष्म्याच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला आधी ही बातमी, मग नंबर.

पहिल्याच रविवारी पोरीने एक उद्योग केला. आमचे ऑर्गनवाले काका तुला ठाऊक आहेत. आम्ही सूर सोडला की ते ऑर्गनचा आवाज वाढवतात, आणि गेली कित्येक वर्षं तो वाढलेलाच आहे. चिमीने त्यांना हळू वाजवायला सांगितलं. अक्का, त्या दिवशी कॅथेड्रलने आपला गायकवृंद पहिल्यांदा ऐकला. शेवटच्या बाकावरची एक म्हातारी उठून बाहेर गेली. बिशपसाहेबांनी डोळे मिटले, ते थेट प्रवचनाला उघडले.

आता चिमी सगळ्यांची चाचणी घेणार. पडद्याआडून गायचं, नाव सांगायचं नाही, हातात नुसता आकड्याचा चिटोरा. मी तिला शाबासकीच दिली. दातांचे डॉक्टर माझ्या शेजारी उभे राहून रडक्या सुरात गातात, आणि बिशपबाई टिपेला गेल्या की खिडक्यांच्या काचा शाबूत आहेत का ते बघावं लागतं. दोघंही जातील. सुंठीवाचून खोकला गेला! मीही गरम पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या आहेत, आपली खबरदारी म्हणून. खर्जाची सगळी मदार माझ्यावर आहे.

वडीलकीची माया आहे ती अशीच राहू दे.
तुझा,
गुंड्या


ता. ९ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लेकीचं वाचून ऊर भरून आला, बाकीचं वाचून हसू आवरेना.

बाबा रे, त्या पडद्यामागे तूही उभा राहणार आहेस, हे तुझ्या ध्यानात आलेलं दिसत नाही. मागच्या खेपेला तू माझ्याकडे न्हाणीघरात गात होतास, तेव्हा शेजारीण पाण्याचा पंप बिघडला का म्हणून विचारायला आली होती. मी तिला हो म्हणून सांगितलं. काय करणार, सख्खा भाऊ पडलास. केस जातात तसा आवाजही जातो. टक्कल निदान आरशात दिसतं, एवढाच काय तो फरक.

पोरीला धर्मसंकटात टाकू नकोस. आपणहून बाजूला हो. कारण सापडत नसेल तर माझा गुडघा उसना घे.

तब्येतीला जप, आणि रागावलास तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.
तुझी,
अक्का


ता. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चाचणी झाली. त्याआधी आठवडाभर घरी नुसती रीघ लागली होती. एकेक जण येई, दार लोटून घेई, चाचणीला आपला मनापासून पाठिंबा असल्याचं सांगे आणि मग हळूच दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेई. दातांच्या डॉक्टरांनी बाबांचं नाव घेतलं. बाबा तेव्हा आत त्यांच्यासाठीच चहा टाकत होते.

पडद्यामागचे कितीतरी आवाज मला ओळखू आले नाहीत, कारण एकएकटे ते कधी कानावर पडलेच नव्हते. बिशपबाई मध्येच शिंकल्या म्हणून कळल्या. आणि बाबा? आत्या, ज्या आवाजाने मला लहानपणी झोपवलं, तो ओळखायला एक श्वास पुरला. पण त्यांचे खालचे सूर उरलेच नाहीत गं. तिथे उतरले की नुसती हवा येते. मी ‘नाही’ लिहिलं. बाबांना ‘हो’ लिहून डॉक्टरांना ‘नाही’ कोणत्या तोंडाने लिहिणार होते?

बिशपबाईंसकट निम्म्याहून जास्त मंडळी गळाली. कॅथेड्रलचा कारभार पाहणाऱ्या डीनसाहेबांनी तातडीने समिती नेमली. ‘नापास’ हा शब्द मनाला लागतो, म्हणून या सगळ्यांना ‘विश्रांत गायक’ म्हणावं असं समितीने ठरवलं. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हेही तीच ठरवणार आहे.

आकडे फळ्यावर लागले त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले की गुडघ्यामुळे गायकांच्या सज्जाचा जिना आता झेपत नाही, म्हणून ते स्वतःच नाव काढून घेताहेत. मग हात धुऊन दोन जिने चढून गच्चीवर शतपावलीला गेले. मी त्यांना ओळखलं नाही असं त्यांना वाटतंय. वाटू दे. तू सांगू नकोस.

तुझा हात पाठीवर हवा आहे, निदान पत्रातून तरी.
तुझी,
चिमी


ता. ४ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा उपयोगी पडला, आभारी आहे. पडद्यामागे बाप उभा होता हे पोरीला कळलंच नाही. तिला तू सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल.

पण गंमत ऐक. गायकवृंदातून काढता येतं, बाकावरून कोण काढणार? परवाच्या रविवारी आम्ही सगळे विश्रांत गायक पुढच्या बाकांवर बसलो. वर सज्जात चिमीची निवडक, सुरेल मंडळी, खाली आम्ही. पहिल्या ओळीपासून असा मोकळा गळा सोडला की वरची मंडळी ओठ हलवतेय एवढंच दिसत होतं. ऑर्गनवाल्या काकांना जुने दिवस परत आल्यासारखं वाटून त्यांनी आवाजाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या खुंट्या ओढल्या. डॉक्टर भला माणूस आहे गं. माझा खर्ज त्यांना पहिल्यापासून आवडायचा म्हणे.

घरी आल्यावर मात्र पोर जेवली नाही. या गोंधळाचं खापर तिच्यावरच फोडायचं समितीत घाटतंय, असं कानावर आलं. मग मीही ताट झाकून ठेवलं. पुढच्या खेपेला जरा बेताने गाऊ या, असं मी डॉक्टरांना सुचवलं. ते म्हणाले, आधी बिशपबाईंना सांगा. बिशपबाईंना कोण सांगणार? बिशपसाहेबांनाही ते जमलेलं नाही.

काही सुचलं तर कळव. या वेळी टोमणे मारलेस तरी चालतील.
तुझा,
गुंड्या


ता. ८ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही बापलेकीने आपापली गुपितं माझ्याकडे ठेवायला दिली आहेत. माझं पोट आता पूर्वीसारखं मोठं राहिलेलं नाही, हे दोघांनीही लक्षात घ्यावं.

मी जन्मभर नर्सचं काम केलं. वॉर्डात जो पेशंट ओरडतो, त्याच्याकडे पाठ केली की तो आणखी ओरडतो. त्याच्या खाटेशी जाऊन उभं राहावं लागतं. याहून जास्त मला संगीतातलं कळत नाही.

वेळेवर जेव, आणि मला विसरू नकोस.
तुझी,
आत्या


ता. १७ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल समितीची मंडळी कागद-पेनं घेऊन बसली होती. ऑर्गन सुरू झाला, तशी मी सज्जाचा जिना उतरले आणि थेट पुढच्या बाकांसमोर जाऊन उभी राहिले. डीनसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, मी राजीनामा द्यायला आले.

विश्रांत गायक छाती भरून सुटायच्या बेतात होते. पहिली ओळ मी वरच्यांना दिली आणि खालच्यांना तळहाताने थोपवून धरलं. बिशपबाई थांबल्या. त्या थांबल्या म्हणून बिशपसाहेबांनी डोळे उघडले. दुसरी ओळ मी बाकांना दिली, अगदी हलक्या हाताने, आणि ते हलक्याने गायले. आत्या, हलक्यानेही गाता येतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं! फार सुंदर झालं असं नाही म्हणत. डॉक्टर रडलेच. पण शेवटचं कडवं वरच्यांनी आणि खालच्यांनी मिळून म्हटलं, आणि ते संपल्यावर बराच वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुपारी समिती बसली. हा सगळा प्रयोग समितीच्याच सूचनेवरून झाला अशी नोंद तिने केली, त्याला ‘सहभागी गायन’ असं नाव दिलं आणि मला कायम केलं.

घरी येताना कोपऱ्यावर आल्यावर बाबा म्हणाले की चाचणीत मी केलं ते बरोबर केलं. मी उगीचच विचारलं, कशाबद्दल म्हणताय? तेव्हा म्हणाले की रांगेत उभं असताना त्यांना पडद्यापलीकडची माझी पेन्सिल ऐकू येत होती. बाकीच्यांचं गाऊन झालं की ती लगेच चालायची. त्यांचं गाऊन झालं, तेव्हा ती किती तरी वेळ चाललीच नाही.

मला तिथेच, भर रस्त्यात, रडू कोसळलं. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, मला रुमाल दिला आणि हळूच म्हणाले की पोरी, डोळे पूस लवकर, लोकांना वाटेल मी आत्ता गात होतो.

गुडघा बरा झाला की ये. तोवर अशीच आमच्या मध्ये राहा.
तुझी,
चिमी