पुन्हा बोला, वहिनी

१२ मार्च, गुरुवार

पाळकांचा घसा पार बसला. रविवारचा संदेश मी द्यायचा! आमच्या चर्चच्या व्यासपीठावर आजवर एकही बाई उभी राहिलेली नाही. छाती फुगली — खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं मुख्याध्यापिका होते, बोलायची भीती कसली! विषय ठरला: देवाची कृपा. ती कमावता येत नाही. तो देतो, त्याला हवं तेव्हा.

एकच इच्छा — दीरानं ऐकावं. जाऊबाई गेल्यापासून उपासनेला बसलेला नाही. चर्चचं वायरिंग तेवढं बघतो, फुकट. "देवाचं-माझं बोलणं बंद आहे, वहिनी. दिवे मात्र लावून देतो."

या रविवारी मी त्याला वळवणारच.

१४ मार्च, शनिवार

संदेश तोंडपाठ. हे म्हणाले, "समोर मंडळी असेल, पाचवी ब नव्हे." लक्ष दिलं नाही.

दुपारी चर्चमध्ये माईक तपासला. दीर शिडीवर, स्पीकरपाशी. "नुसतं हॅलो-हॅलो नको, काहीतरी बोला." संदेशातलं पहिलं वाक्य म्हटलं — देव आपली वाट बघत बसत नाही, तोच आपल्याकडे यायला निघतो.

"पुन्हा बोला, वहिनी."

बोलले.

"पुन्हा."

पठ्ठ्या उतरेचना! शेवटी ओरडले, "अरे, स्पीकर बिघडलाय की तुझे कान?"

घरी येऊन ते वाक्यच खोडलं. फार साधं. सुरुवात कशी भारदस्त हवी.

१५ मार्च, रविवार

काय बोलले! मागच्या बाकापर्यंत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पाळकांनी बसलेल्या घशानं "आमेन" म्हटलं. दारात बायका हात सोडेनात. मान ताठ ठेवून घरी आले.

आणि दीर? मी उभी राहिले आणि वीज गेली. तो शेवटपर्यंत मागच्या अंगणात, धडधडत्या जनरेटरपाशी. एक अक्षर ऐकलं नाही!

१६ मार्च, सोमवार

चिडचिड. ह्यांना म्हटलं, "देवानं नेमकी तेव्हाच वीज घालवावी?"

"त्यालाच विचार. काल तूच सांगत होतीस ना, सगळं त्याच्या हातात म्हणून?"



१८ मार्च, बुधवार

सकाळी दीर दारात. दाढी केलेली, डोळे लाल. "पाळकांकडून आलोय. प्रार्थना केली. बोलणं सुरू झालं, वहिनी."

"अरे, पण तू संदेश ऐकलाच नाहीस!"

तो चपला काढत म्हणाला, "शनिवारी माईक पहिल्या वेळीच नीट लागला होता."