वाट न धरता

प्रिय चिंगे,

पाकिटावर तुझ्याच देशाचं तिकीट बघून दचकली असशील. होय, सुट्टीवर आलेय, तुझ्यापासून गाडीने पाच तासांवर. फोन मुद्दाम केला नाही. तू मध्येच रडायला लागतेस आणि सांगायचं ते राहून जातं.

इथे गावाबाहेर एक फ्लाइंग क्लब आहे. छोटी विमानं भाड्याने देतात. मला शनिवारी एक हवंच होतं, का ते शेवटी सांगते. पण आपल्याकडचं लायसन्स इथे नुसतं दाखवून भागत नाही. इथल्या विमान खात्याची तात्पुरती मान्यता लागते, शिवाय क्लबच्या शिक्षिकेला शेजारी बसवून उडून दाखवायचं. मान्यतेचा अर्ज मी घरूनच केला होता. घरात शाळेत जाणारी पहिली मी, कागदाची धास्ती अजून जात नाही. प्रतींच्याही प्रती काढून आणल्या होत्या.

शिक्षिका पांढऱ्या केसांच्या, सतत काहीतरी चघळणाऱ्या. बाबा टेम्पो काढण्याआधी त्याच्याभोवती फिरून प्रत्येक चाकाला हात लावत, ‘आहे’ म्हणत, आठवतं? विमानात माझंही तेच चालतं. धावपट्टीकडे जाताना मी इंधनाच्या खटक्याला हात लावून ‘आहे’ पुटपुटले आणि बाईंनी खाडकन ब्रेक दाबला. त्यांना ऐकू आलं ‘अहेड’, म्हणजे समोर काहीतरी आलंय. समोर साधा ससाही नव्हता. मला वाटलं, गेलं विमान हातचं. पण अर्थ सांगितल्यावर बाई पोट धरून हसल्या आणि पुढे त्याच विचारत सुटल्या, “तेल?” मी म्हणायचं, “आहे.” “पट्टे?” “आहेत.” हे अनेकवचन कुठून आलं, यावर त्यांनी मला आणखी थांबवलं.

वर गेल्यावर भीती कुठे गेली कळलं नाही, इतकं बघायला होतं. एवढी सरळ रांगेत झाडं कोण लावतं? दुपारी सगळ्या अंगणांत शुकशुकाट का? तुझ्या घराचं छप्पर कुठल्या रंगाचं? बाईंनी मध्येच इंजिन मंद करून विचारलं, बंद पडलं तर कुठे उतरशील? मी कापणी झालेलं शेत दाखवलं. उतरल्यावर त्यांनी सही केली. म्हणाल्या, “शनिवारी खुशाल ने. पण बघण्यासारखं इतकं असताना त्या गवताच्या धावपट्टीवर कशाला मरायला जातेस?”

ती पट्टी तुझ्या गावाच्या कडेला आहे म्हणून. मी निघताना बाबा म्हणाले, “कुठेही उड, पण त्या पोरीच्या घराची वाट धरायची नाही.” तू लग्न करून गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं, आणि मी हो म्हटलं. पण आभाळात कुठली आलीय वाट? तू म्हणशील, ताई, ही वकिली झाली. मलाही तसंच वाटून झोप लागेना. पण उड्डाणाच्या अर्जात ‘मार्ग’ असा रकाना असतो, आणि सरळच जायचं असेल तर त्यात ‘थेट’ एवढंच लिहितात. मी तेच लिहिलं. मात्र पट्टीपासून तुझ्या दारापर्यंत वाट आहे, तिथे माझा पाय पडणार नाही. म्हणून शनिवारी सकाळी तूच पट्टीच्या कुंपणापाशी ये, मुलीला घेऊन. ती कोणावर गेलीय ते बघायचंय. ढग खाली आले तर रविवारी. पण ये. बाबांनी मला अडवलंय, तुला नाही.

तुझीच, शनिवारपर्यंत आभाळाकडे बघत बसलेली,
ताई