लोखंडी सांगाड्याचं शेवटचं वर्ष

५ फेब्रुवारी
जुनी गाडी गेली ती गेलीच. पिस्टन सिलेंडरला असा चिकटलाय की मेकॅनिकने हातोडी खाली ठेवली आणि चहा मागवला. हा माणूस चहा मागवतो तेव्हा आशा संपलेली असते.

महिन्याभरात मोटारसायकलची शर्यत. मातीचा ट्रॅक, उंचवटे, उड्या – आणि चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात नेहमीप्रमाणे वन्सं पहिल्या. ह्या वेडात मला ओढलं नवऱ्याच्या ह्याच थोरल्या बहिणीने. हेल्मेटचा पट्टा आवळायलाही त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून दर शर्यतीत मी त्यांच्या मागच्या चाकाची माती खाते. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या पुढे यायचंय.

८ फेब्रुवारी
वापरलेली टू-स्ट्रोक शोधतेय. नवी परवडत नाही, आणि मला तो पेट्रोल-ऑइलचा धूर आवडतो. जाहिराती वाचून करमणूक होते. प्रत्येक गाडी 'फार कमी चाललेली', प्रत्येक मालक देवमाणूस.

एकच कंपनी, गाडीचं नाव एकच, पण तीन वर्षांचे तीन स्वभाव. २००४ – सांगाडा लोखंडी, त्याचं शेवटचं वर्ष. २००५ – सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, हलका आणि ताठ. २००६ – सांगाडा तोच, पुढचे शॉकअप नवे, जाड. सगळे म्हणतात २००६च घे. मेकॅनिक, ट्रॅकवरचा चुन्याने रेघा मारणारा, सगळे.

नवरा म्हणाला, "एवढं माझं मॉडेल बघितलं होतंस का लग्नाआधी?"
म्हटलं, "बघितलं असतं तर पुढच्या वर्षाची वाट पाहिली असती."

१४ फेब्रुवारी
शहराबाहेरच्या गॅरेजमध्ये २००६ बघून आले. चकाचक. नवं प्लास्टिक, नवे स्टिकर. विकणारा काळ्या चष्म्यातला. माझ्याशी बोलायचं सोडून नवऱ्याशीच बोलत होता. "साहेब, मॅडमना रंग आवडला वाटतं."

मॅडम खाली वाकल्या होत्या. रंग बघायला नाही. पुढचे शॉकअप बारीक – जुने! मग हँडलखालच्या नळीवर खोदलेला नंबर बघितला. त्यातला वर्षाचा आकडा चिखलाने झाकला होता. बाकी गाडी आरशासारखी, आणि चिखल नेमका तिथेच. रुमालाने पुसला. २००५! २००६चे कपडे घातलेली २००५.

"प्लास्टिक २००६चंच आहे," चष्मेवाला म्हणाला.
"मग प्लास्टिकच विका," मी म्हटलं.

परतताना नवरा गाडी चालवता चालवता सारखा हसत होता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, पण आतून नुसती फुलले होते.

१९ फेब्रुवारी
दाताच्या एका डॉक्टरांकडे २००४ आहे. ओरखडे, सीट फाटलेली, पण काहीच लपवलेलं नाही. त्यांनी मागच्या मैदानात चालवू दिली.

कसं लिहू? ताठ सांगाडा प्रत्येक खड्डा थेट मनगटात पाठवतो. हे लोखंड जरा वाकतं, थोडं स्वतः सोसतं, मग उरलेलं माझ्याकडे देतं. दहा मिनिटं दणादण उड्या मारून उतरले तरी बोटं सैल होती. शर्यतीत मी नेहमी शेवटच्या फेरीत हरते. हात दगड होतात, ब्रेक दाबता येत नाही. नवी का जुनी हा प्रश्नच नव्हता मग. माझ्या हातांना कोणतं वर्ष झेपतं, एवढाच प्रश्न होता.

घेतली.

२० फेब्रुवारी
वन्सं बघायला आल्या. गाडीभोवती एक चक्कर मारली.
"भंगारवाल्याने परत घेतली नाही का गं?"
"अहो वन्सं, मागून बघून घ्या नीट. शर्यतीत मागूनच दिसेल."
केवढ्या हसल्या! पाठीत धपाटाही घातला.

६ मार्च
उद्या. जेवण गेलं नाही. लेकीचा फोन आला, "आई, पडू नकोस, आणि पडलीस तर आधी क्लच दाब."

७ मार्च
जिंकले!

सुरुवातीला वन्संच पुढे. त्यांची नवी फोर-स्ट्रोक घुमत होती, माझी किंचाळत होती. शेवटच्या फेरीत डाव्या वळणाच्या खोल चाकोऱ्यांत त्यांचं पुढचं चाक डगमगलं, त्या बाहेर गेल्या. मी आतून! माझे हात जिवंत होते. शेवटच्या उडीवर समोर कुणीच नव्हतं – नुसती रिकामी माती. असा ट्रॅक मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मेकॅनिक सगळ्यांना सांगत सुटला, "लोखंड जिंकलं, लोखंड!" नवरा रडला. नाही म्हणतो, धूळ गेली म्हणे.

८ मार्च
सकाळी वन्सं आल्या. उजव्या मनगटाला पट्टा. हाड झिजलंय, डॉक्टरांनी जानेवारीतच गाडी बंद करायला सांगितली होती. घरात कुणाला बोलल्या नाहीत.

"मग उतरलात कशाला?"

"उतरले नसते तर जन्मभर म्हणाली असतीस, वन्सं नव्हत्या म्हणून जिंकले."

मला विचारायचं होतं ते विचारवेना. त्यांनीच ओळखलं.

"गॅसची मूठ पूर्ण पिळली होती गं. मुद्दाम सोडून नाही दिलं काही. आता पुढच्या वेळी मी कठड्याशी उभी असेन – तिथून ओरडणार आहे, ऐकायची तयारी ठेव."